प्रकल्प नोंदी: झाशी रस्त्यावरच्या शेडचे कूलिंग पॅड

४ मार्च

कोंबड्यांची शेड रिकामी आहे. मागची बॅच गेली, तूस उचललं, फरशी धुऊन वाळते आहे. कूलिंग पॅडकडे, म्हणजे बाहेरची हवा ज्या ओल्या कागदी पन्हळींतून गार होऊन आत येते त्यांच्याकडे, नीट पाहायला याहून चांगली वेळ मिळत नाही. काकांनी बोलावलं ते एका प्रश्नासाठी: यंदा चौथा उन्हाळा, सगळेच पॅड बदलून टाकायचे का? गेल्या मे महिन्यात पश्चिमेच्या बाजूने गरम हवा आत येत होती आणि शेवटच्या आठवड्यात मरतूक वाढली, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. मी म्हटलं, काका, आधी मोजू, मग खरेदीचं बोलू.

शेड ग्वाल्हेरहून झाशी रस्त्याने आंत्री ओलांडून डबऱ्याकडे जाताना लागते. लांबी ९० मीटर, रुंदी १२. जमिनीचा पट्टा अरुंद असल्यामुळे शेड उत्तर-दक्षिण उभी आहे. उत्तर टोकाला पूर्व आणि पश्चिम भिंतींत समोरासमोर पॅड, दक्षिण टोकाला ५० इंची आठ एक्झॉस्ट पंखे. पॅड सहा इंच जाडीचे, सहा फूट उंच, दोन फूट रुंद. प्रत्येक बाजूला २१, दोन्ही मिळून साधारण ४७ चौरस मीटर. आठही पंखे नीट चालले तर सेकंदाला जवळपास ८० घनमीटर हवा ओढतात, म्हणजे पॅडमधून हवा पावणेदोन मीटर वेगाने जाते. सहा इंची पॅडला हा वेग योग्य आहे. पॅडचं क्षेत्रच कमी पडत असेल ही शंका इथेच मिटली.

दुपारी पंप आणि सगळे पंखे लावून अर्धा तास थांबलो. मग दोन थर्मामीटर घेतले, एक कोरडा आणि एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची वात. बाहेर सावलीत वाऱ्यावर धरल्यावर कोरडा ३१, ओला १८.५. फरक साडेबारा अंशांचा. पॅड कितीही उत्तम असला तरी हवा ओल्या थर्मामीटरच्या खाली जाऊ शकत नाही, ती त्याची शेवटची हद्द. चांगला सहा इंची पॅड त्या फरकातला ७५ ते ८० टक्के भाग कापतो. आतून पॅडपासून हातभर अंतरावर मोजलं:

पूर्व २२ अंश, म्हणजे ९ अंश कमी. ७२ टक्के.
पश्चिम २५ अंश, म्हणजे ६ अंश कमी. ४८ टक्के.

पूर्वेचा पॅड चौथ्या वर्षीही बरा आहे. दुखणं पश्चिमेला आहे, आणि ते सगळीकडे सारखं नाही. आतल्या बाजूने तळहात फिरवला की कळतं: काही पट्टे गार, मध्येच वीतभर रुंदीचा पट्टा कोमट, पुन्हा गार. कोमट पट्टे वरपासून खालपर्यंत सरळ आहेत. पाणी वरूनच नीट येत नाही याची ही खूण. कोरड्या पट्ट्यातून हवेला वाटही सोपी मिळते, त्यामुळे तिथून वाट्यापेक्षा जास्त गरम हवा आत शिरते.

५ मार्च

आज हवेच्या वाटा पाहिल्या. शेडमध्ये येणारी हवा पॅडमधूनच यायला हवी. ती कुठल्या फटीतून आली तर ४५ अंशांची हवा तशीच आत येते. हिशेब काकांना वहीवर मांडून दाखवला: पॅडची हवा २८ अंशांची, तिच्यात १० टक्के हवा बाहेरची ४५ अंशांची मिसळली, तर मिश्रण २९.७. पॅड अगदी नवा घातला तरी एवढा फायदा मिळणार नाही.

शेडच्या आत-बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक मोजायला पारदर्शक नळी उताराच्या पट्टीवर बसवली, दहा सेंटीमीटरला एक सेंटीमीटर चढ. पाण्याचा एक मिलिमीटर दाब अशा नळीत दहा मिलिमीटर सरकलेला दिसतो, आणि इथले सगळे दाब दोन-तीन मिलिमीटरांचेच असतात. पॅडवर प्लास्टिक ओढून, दारं-पडदे बंद करून एकच पंखा लावला. दाब १.२ मिलिमीटर. फार कमी. शेड ठिकठिकाणी श्वास घेते आहे.

मग उदबत्ती घेऊन भिंतीकडेने चाललो. धूर आत वळला की तिथे खडूची खूण. पडद्याची खालची कड जवळजवळ पूर्ण लांबीभर, खाद्याच्या पाइपाचं भोक, मागच्या दाराची चौकट, पॅडच्या फ्रेमचे चारही कोपरे, आणि बंद पंख्यांची शटर्स, जी धुळीमुळे अर्धवट उघडी राहतात. सुपरवायझर भैयांनी सुचवलं ते पटलं: पडद्याच्या कडेवर वाळूने भरलेल्या लांबट पिशव्या. बाकी ठिकाणी फोमची पट्टी आणि सिमेंट.

पंख्यांचे बेल्टही पाहिले. तिघांचे बेल्ट पुलीच्या खाचेत खोल बसलेले, म्हणजे झिजलेले. झिजलेला बेल्ट घसरतो, पंखा फिरताना दिसतो पण फेरे कमी होतात आणि हवाही त्याच प्रमाणात कमी होते. तिन्ही बदलले, आठही शटर्स धुतली, सांध्यांना कोरडं वंगण लावलं. तेल लावायचं नाही, त्याला धूळ चिकटते.

७ मार्च

फटी बुजवल्यावर तीच चाचणी: ३.४ मिलिमीटर. शेडच्या मध्यावर वाऱ्याचा वेग आधी २.० मीटर होता, आता २.४. अजून पॅडला हात लावलेला नाही.

८ मार्च

टाकी, पाइप, पॅड.

दोन्ही टाक्या हजार लिटरच्या. पश्चिमेच्या टाकीत तळाला चार बोटं गाळ, त्यात पिसं, भुसा आणि हिरवट चिखल. झाकण अर्धं उघडं असायचं, कारण बॉलकॉकचा दांडा झाकणाला लागत होता. शेवाळाला तीनच गोष्टी लागतात: पाणी, उजेड आणि खाद्य. उजेड आपण बंद करू शकतो. झाकणाला खाच पाडून ते पूर्ण बसवलं.

वरचा वाटप पाइप उघडला. त्याची भोकं वर तोंड करून असतात, पाणी वर उडून पत्र्याला आपटतं आणि पसरून खाली पॅडवर येतं. भोकं खाली तोंड करून असती तर गाळ सरळ भोकात बसला असता. तरीही पश्चिमेकडची बरीच भोकं पांढऱ्या खड्याने बुजली होती. कोमट पट्टे आणि बुजलेली भोकं, खडूच्या खुणा एकाखाली एक जुळल्या. भोकं तारेने मोकळी केली, पाइपाच्या टोकाची बूच काढून पंप चालू करून सगळा कचरा बाहेर काढला. त्या बुचाच्या जागी आता व्हॉल्व्ह बसवला आहे, म्हणजे दर आठवड्याला मिनिटभर उघडून पाइप धुता येईल. पाणपातळीने पाहिलं तर पाइप टोकाकडे बोटभर वर गेलेला. तो सरळ केला.

पंपाचं पाणी एका बाजूला मिनिटाला ११५ ते १२० लिटर हवं, पॅडच्या प्रत्येक मीटर लांबीला नऊ लिटरांहून थोडं जास्त. यातलं बहुतेक पाणी बाष्प होत नाही, ते पॅड धुऊन टाकीत परत येतं. पाणी जास्त सोडलं तर पॅड जास्त गार होतो असं नाही, पण कमी सोडलं तर क्षार जागच्या जागी बसतात. पश्चिमेचा पंप जेमतेम ७० देत होता. पंप बदलायची गरज पडली नाही, फक्त फूटव्हॉल्व्हची जाळी साफ केली.

पॅड पूर्ण वाळू दिले, मग मऊ नायलॉनच्या ब्रशने वरून खाली हळू झाडले आणि साध्या नळाच्या पाण्याने धुतले. गाडी धुवायचा प्रेशर पंप भैयांनी आणून ठेवला होता, तो परत पाठवला. हा कागद आहे, रेझिनने ताठ केलेला. जोराची धार कड मऊ करते, पन्हळी मिटतात, आणि मिटलेली पन्हळ पुन्हा उघडत नाही.

१० मार्च

पिल्लं आली. पॅडवर बाहेरून पडदा. या वयाला ३२ अंश हवेत, पॅडचं काम नाही.

२ एप्रिल

आजूबाजूला गव्हाची कापणी जोरात आहे. हार्वेस्टर फिरून गेले, आता भुशाची यंत्रं चालू आहेत आणि हवेत सोनेरी धूळ उभी आहे. ओल्या पॅडवर भुसा येऊन बसला की तो धुऊन खाली टाकीत येतो, कुजतो, आणि शेवाळाला खायला मिळतं. या दिवसांत दुपारी बाराच्या आत पंप लावायचा नाही असं ठरवलं, कोंबड्यांना अजून तेवढी गरजही नाही. पश्चिम पॅडपासून पाच फुटांवर बांबूंना हिरवी जाळी ताणली. भुसा अडतो आणि दुपारचं तिरपं ऊनही पॅडवर पडत नाही. जाळी पॅडला चिकटवून बांधली तर हवाच अडते, म्हणून हे अंतर.

माझी आजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजात राहायची. तिच्याकडे उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचे पडदे लागत आणि दर तासाला कुणीतरी तांब्याने पाणी मारत असे. ग्वाल्हेरची लू इतकी कोरडी की ओल्या गवतातून आली तरी खोली गार करून जाते. शेडमध्ये तेच होतं आहे. फरक एवढाच की इथे पाणी सतत वाहतं, आणि बोअरचं आहे.

१४ एप्रिल

बॅच ३५ दिवसांची, वजनं चांगली. दुपारी तीन वाजता कोरडा ४०, ओला २१. फरक १९.

पूर्व २५.५, म्हणजे ७६ टक्के.
पश्चिम २७, म्हणजे ६८ टक्के.

पश्चिम ४८ वरून ६८ वर आला, एकही पॅड न बदलता. काकांनी आकडे दोनदा वाचले. आठही पंख्यांवर दाब मार्चमध्ये साडेतीन मिलिमीटर होता, आता २.४. हाही पॅड मोकळे झाल्याचा पुरावा.

टाकीत येणाऱ्या पाण्यावर मीटर बसवला आहे. चालू असताना दोन्ही बाजू मिळून तासाला साधारण १,८५० लिटर घेतात. हवेच्या हिशेबानेही तेवढंच येतं: ८० घनमीटर हवा १४ अंशांनी गार करायला तासाला १,८०० लिटरांच्या आसपास बाष्प व्हावं लागतं. दोन आकडे जुळतात याचा अर्थ गळती नगण्य आहे.

१५ एप्रिल

गळती नाही ही चांगली बातमी, पण तीच या शेडच्या दुखण्याचं मूळ आहे. हे काकांना समजावायला आजची सकाळ गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मला वाटतं.

बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ७२०. तिघरा धरणाचं, घरच्या नळाचं पाणी बाटलीत नेलं होतं, ते त्याच्या तिसऱ्या हिश्शालाही नव्हतं. आणि पश्चिम टाकीतलं पाणी ३,१००. पाणी हवेत जातं, क्षार जात नाहीत. बाहेरून नवं पाणी येतं ते आपले क्षार घेऊन येतं, तेही मागे राहतात. टाकीतून काहीच बाहेर काढलं नाही तर पाणी दिवसेंदिवस दाट होत जातं आणि मग कॅल्शियम जिथे हवा सगळ्यात कोरडी तिथे, म्हणजे पॅडच्या बाहेरच्या तोंडावर, पांढरा थर होऊन बसतो. पापड वाळवताना कडा आधी कडक होतात तसा पॅडही कडेकडून मरतो.

उपाय एकच: टाकीतलं थोडं दाट पाणी सतत बाहेर सोडत राहायचं. किती, हे ठरवता येतं. टाकीतलं पाणी बोअरच्या तिप्पट दाट चालेल असं धरलं, म्हणजे साधारण २,१५०, तर जेवढं बाष्प होतं त्याच्या निम्मं सोडावं लागतं. चौपट चालवलं तर एक तृतीयांश. दुपटीवर ठेवायचं तर बाष्पाइतकंच. मे महिन्यात बाष्प दिवसाला वीस हजार लिटरांच्या वर जाईल, म्हणजे दहा हजार लिटर सोडायचे.

"अगं, उन्हाळ्यात दहा हजार लिटर पाणी नाल्यात?" काका म्हणाले. त्यांचं बरोबरच आहे. या भागात मे महिन्यात बोअर किती वेळ चालेल ही रोजची चिंता असते. म्हणून पाणी नाल्यात जाणार नाही. शेडच्या पश्चिमेचा कच्चा रस्ता, जिथून ट्रक गेला की धुळीचा लोट थेट पॅडवर येतो, तिथे सकाळ-दुपार हेच पाणी मारायचं. उरलेलं कुंपणाच्या कडुलिंबांना आणि करंजांना. काकूंच्या भाजीच्या वाफ्यांना मात्र नाही, तेवढे क्षार भेंडी-दोडक्याच्या मातीला नकोत.

पंपाच्या वरच्या पाइपाला छोटा व्हॉल्व्ह काढला. एका बाजूला मिनिटाला नऊ लिटर हवं, म्हणजे पंधरा लिटरची बादली शंभर सेकंदांत भरायला हवी. भैयांनी मोबाइलच्या घड्याळावर तीच बादली लावून दोन्ही व्हॉल्व्ह जमवले आणि रंगाने खूण केली. पंप बंद तर हे पाणीही बंद, वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

२१ एप्रिल

बॅच उचलली गेली. टाकीतला टीडीएस २,२००.

२४ एप्रिल

पश्चिमेच्या उत्तर कोपऱ्यातले सहा पॅड काढले. खालची कड उंदरांनी कुरतडलेली, मधल्या पन्हळी दगडासारख्या झालेल्या. हे वाचणारे नव्हते. बाकीचे पंधरा अजून दोन उन्हाळे काढतील असा माझा अंदाज आहे. नवे सहाही एकाच कोपऱ्यात सलग लावले. जुन्यांच्या मध्येमध्ये नवे घातले तर हवा मोकळ्या नव्यांतूनच धावते आणि कुठला पॅड काय करतो ते मोजताही येत नाही.

नव्या पॅडमधून फेस आणि एक आंबूस वास येतो. घाबरायचं कारण नाही, कागदाला पाणी पटकन शोषता यावं म्हणून लावलेलं द्रव्य असतं ते. पहिलं पाणी फिरवून पूर्ण ओतून टाकलं, दुसऱ्या पाण्याला फेस राहिला नाही.

उरलेल्या पांढऱ्या थरासाठी ओळखीच्या एका दुकानदाराने तेजाब सुचवलं. नको. तेजाबाने थर सुटतो खरा, पण त्याचे तुकडे आत पन्हळीत अडकतात, सिमेंटची टाकी आणि पंप खराब होतो, आणि कागदाचा ताठपणा जातो. ब्लीचिंग पावडरही नको: तिच्यात चुना असतो, म्हणजे जे काढायचं तेच वाढवायचं, आणि क्लोरीन सतत फिरत राहिलं तर रेझिन सैल होतं. पाण्याचा पीएच ६ ते ९ मध्ये राहिला, दाटपणा आटोक्यात राहिला आणि पॅड रोज एकदा पूर्ण वाळला, की औषधाची गरज क्वचितच पडते.

२ मे

नवी बॅच. कंट्रोलरवर बसून क्रम लावला, कारण गेल्या वर्षी पंप आणि पंखे एकाच तापमानाला सुरू होत होते.

आता क्रम असा. तापमान वाढलं की आधी पंखे एकेक करून वाढतील. वाऱ्याने भागतं तोवर पाणी नाही. सहा पंखे चालू होऊनही तापमान त्या वयाच्या गरजेपेक्षा तीन अंश वर गेलं तरच पंप. लहान पिल्लाला ओली गार हवा आणि वेगाचा वारा एकदम मिळाला तर बाहेर ४३ अंश असूनही ती थंडीने गोळा होतात, म्हणून पहिले दोन आठवडे पंपाला कुलूप. पंप एकदा लागला की निदान दहा मिनिटं चालणार. दोन मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद अशी सेटिंग बऱ्याच शेडवर पाहते. प्रत्येक वेळी पॅड अर्धवट वाळतो आणि क्षाराचा एक पातळ थर मागे सोडतो. पाणी वाचवायच्या नावाखाली पॅड जातो.

रोज वाळवायची वेळ पहाटे चार ते सहा ठेवली. मे महिन्यात इथे रात्रीही उकाडा असतो, त्यामुळे संध्याकाळी पंप बंद करून चालत नाही. पहाटेचे ते दोन तास सगळ्यात गार. पंप बंद, पंखे चालू, अर्ध्या-पाऊण तासात पॅड कोरडा. शेवाळ कोरडेपणाने मरतं.

१८ मे

काल संध्याकाळी आंधी. राजस्थानकडून आकाश पिवळं होत आलं आणि दहा मिनिटांत समोरचा रस्ता दिसेना. भैयांनी लगेच पंप चालूच ठेवला, हे योग्य केलं. वाहत्या पाण्याबरोबर धूळ खाली जाते, अर्ध्या ओल्या पॅडवर तिचा लेप होतो. आज सकाळी दोन्ही टाक्या पूर्ण उपसल्या, गाळण्या धुतल्या, वाटप पाइप धुतला. आंधीनंतर दुसऱ्या दिवशी टाकी उपसायची, असं भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलं.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. बॅच २३ दिवसांची. दुपारी अडीच वाजता कोरडा ४५, ओला २२.५.

पूर्व २८, म्हणजे ७६ टक्के.
पश्चिम २९, म्हणजे ७१ टक्के.

१६-१७ अंशांचा फरक. दारातून आत पाऊल टाकलं की अंगावरची आग उतरते. पंख्यांच्या टोकाला ३१.५, कारण कोंबड्यांची स्वतःची उष्णता वाटेत मिसळते, पण वारा २.४ मीटरचा असल्यामुळे त्या शांत बसून आहेत. चोच उघडी असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. बाष्प तासाला २,१०० लिटरांपर्यंत जातं आहे, टाकीतला टीडीएस २,१५०. भैया रोज संध्याकाळी टीडीएस आणि मीटर वहीत लिहितात, सांगावं लागत नाही.

काका बराच वेळ मधल्या पॅसेजमध्ये उभे होते. म्हणाले, "या दिवसात मी इथे उभा राहू शकत नव्हतो." मलाही फार बरं वाटलं. या शेडमध्ये हजारो जीव आहेत आणि त्यांना दार उघडून सावलीत जाता येत नाही.

२८ मे

पावणेतीनला लाइट गेली. जनरेटर आपोआप लागला, पंखे ठरवलेल्या क्रमाने एकेक करून सुरू झाले, अलार्म वाजला. सगळं बरोबर. पण वीस मिनिटांनी शेडच्या उत्तर टोकाचं तापमान चढू लागलं. पश्चिमेचा पंप बंदच होता. पंख्यांचे कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, कंट्रोलर चालवतो, पण हा पंप जुन्या पुश-बटणाच्या स्टार्टरवर होता. लाइट गेली की त्याची कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी हिरवं बटण कुणी दाबेपर्यंत तो उठत नाही. सुपरवायझर पाच मिनिटांच्या अंतरावर होते म्हणून निभावलं.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन्ही पंप कंट्रोलरच्या कॉन्टॅक्टरवर घेतले, ओव्हरलोड रिले तसाच ठेवून. रात्री मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. दोन्ही पंप आपापले उठले. बंद शेडमध्ये पंखे थांबले तर अशा दुपारी काही मिनिटांत मरतूक सुरू होते, त्यामुळे ही चाचणी दर सोमवारी, जनरेटरवर पूर्ण लोड टाकून. नुसता जनरेटर रिकामा चालवून पाहणं ही चाचणी नव्हे.

८ जून

हवा बदलली. पहाटे पूर्वेकडून दमट वारा. दुपारी कोरडा ३७, ओला २७. फरक फक्त दहा. पॅडमागे २९.५, म्हणजे पॅड अजूनही ७५ टक्क्यांवर काम करतो आहे. दोष त्याचा नाही, हवेतच जागा उरलेली नाही.

इथे फार लोक चुकतात. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि घशातल्या ओलाव्याचं बाष्प करून स्वतःला गार ठेवते. पॅड हवा गार करतो तेव्हाच ती दमटही करतो, आज आत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता आहे. मे महिन्यात सौदा फायद्याचा होता, १७ अंशांच्या बदल्यात थोडा दमटपणा. आता साडेसात अंश मिळतात आणि धापेचा उपयोग कमी होतो. बॅच ३७ दिवसांची, अंगाने भारी. म्हणून पंप ३० अंशांवर नेला, आठही पंखे सतत, आणि बाहेरची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पंप आपोआप बंद. रात्री पंप नाहीच. आता भिस्त वाऱ्यावर.

तूस ओलं होतंय का, हे पॅडजवळच्या पहिल्या दहा मीटरांत रोज मुठीत दाबून पाहायचं. मुठीत गोळा राहिला तर पाणी जास्त.

१३ जून

बॅच गेली. नवतप्याच्या नऊ दिवसांत मरतूक इतर आठवड्यांसारखीच राहिली. काकांनी नव्या पॅडसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दुसरा जनरेटर-बॅटरी चार्जर आणि पंपाचा एक जादा संच घ्यायचं ठरवलं. पटलं.

२६ जून

पाऊस आला. कोरडा ३०, ओला २७. तीन अंशांतले सव्वादोन मिळवायला दोन पंप चालवायचे आणि शेड ओली करायची, हे करायचं नाही. पंप बंद केले.

१ जुलै

बंद करण्याची कामं. दोन्ही टाक्या रिकाम्या करून, घासून, उन्हात वाळवल्या. वाटप पाइपाचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. पंप काढून साफ करून खोलीत. पॅड पूर्ण वाळवून ब्रश केले, पश्चिमेला पांढरा थर मार्चच्या तुलनेत फारच कमी, बोटाने पुसला जाईल इतकाच. उंदरांसाठी फ्रेमच्या तळाला बारीक जाळी ठोकली. बाहेरून पडदा ओढला, पण खालून वीतभर मोकळा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते.

एक काम नवं सुरू केलं आहे. शेडच्या पत्र्याचं क्षेत्र १,०८० चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला की पत्र्यावरून दहा हजार लिटरांहून जास्त पाणी उतरतं, आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. पन्हळी लावायला मिस्त्री परवा येतो आहे, मागच्या खड्ड्याला प्लास्टिकचा कागद घालून झाकण करायचं आहे. बोअरच्या पाण्यात हे निम्मं मिसळता आलं तर टाकीत येणारं पाणी ७२० ऐवजी ३६०च्या आसपास राहील. टाकीची मर्यादा २,१५० तीच ठेवली तर पाणी सहापट दाट होऊ देता येतं, म्हणजे बाहेर सोडायचं पाणी बाष्पाच्या निम्म्यावरून पाचव्या हिश्शावर येतं. वीस हजारांमागे दहा हजार सोडत होतो, तिथे चार हजार. खड्डा किती दिवस पुरेल ते त्याच्या मापावर आहे, मिस्त्री आला की खोली मोजून इथेच लिहीन.